आपण इंग्रजी उच्चार कसे शिकलो



माझे लहानपण नाशकात, पंचवटीत गेले. आमच्या गल्लीत एका वाड्याच्या ओसरीवर पहाटे वेदाध्ययन चालत असे. गुरुजींपुढे पोथी नसे आणि मुलांपुढे पाटीही नसे. गुरुजी एक चरण म्हणत, मुले तो दोनदा म्हणत. उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे स्वर हाताच्या व मानेच्या खुणेने दाखविले जात. एखाद्याचा स्वर घसरला, की गुरुजी तेवढेच अक्षर त्याच्याकडून घोटून घेत आणि मगच पुढे जात. मी त्या ओसरीवरचा विद्यार्थी नव्हे; येता-जाता उभा राहून ऐकणारा. त्याच दिवशी अकराच्या सुमारास आम्ही पाचवीतली मुले इंग्रजीच्या तासाला बसत असू आणि फळ्याकडे पाहून एका सुरात ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ असा घोष करीत असू. जीभ कोठे टेकवावी, ओठ कसे करावेत, श्वास कोठे सोडावा, यांपैकी काहीही आम्हांला कोणी सांगितले नाही. आणि विचारण्याचे आम्हांला सुचलेही नाही.

पुढे मी स्वतः मॅट्रिक होऊन मास्तर झालो. मुलांना इंग्रजीचे पहिले धडे देण्यात माझी सारी नोकरी गेली. आता निवृत्तीच्या स्वस्थतेत एक प्रश्न मनात वरचेवर येतो. एकाच गावात, गोदावरीच्या एकाच काठावर, एक भाषा मुखाने आणि दुसरी फळ्यावरून शिकविली जावी, अशी ही फारकत का झाली असेल? या प्रश्नाचा माग काढताना मराठी माणसाने इंग्रजी उच्चार कसे ग्रहण केले, याचा एक छोटासा इतिहासच हाती लागतो. तो आज आपल्यापुढे मांडण्याचा विचार आहे.

या इतिहासाचा आरंभ शाळेत होत नाही, रणांगणावर होतो. १७७८ सालच्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्याच्या रोखाने निघाली. तीत कॅप्टन जेम्स स्टुअर्ट नावाचा एक धाडसी अंमलदार होता. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तो मारला गेला. शत्रूच्याही शौर्याचे कौतुक करण्याची मराठ्यांची रीत. त्यांनी त्याला ‘फाकडा’ ही पदवी दिली आणि त्याचे नाव पडले ‘इष्टुर फाकडा’. वडगाव मावळ येथे त्याची समाधी आहे. स्टुअर्टचा ‘इष्टुर’ झालेला पाहून आपण हसतो. परंतु क्षणभर थांबून विचार करा. शब्दाच्या आरंभीचे ‘स्ट’ हे जोडाक्षर आपल्या बोलीला जड जाते, म्हणून आधी एका स्वराचा टेकू दिला जातो. खेड्यातील बोलीत ‘स्त्री’ची ‘अस्तुरी’ होते ती याच न्यायाने. पुढे ‘स’चा ‘ष’ झाला. ‘स’ हा दंत्य आणि ‘ट’ हा मूर्धन्य. हे दोन शेजारी आले म्हणजे ‘स’ आपले स्थान सोडून ‘ट’च्या स्थानी जातो, हा पाणिनीने सांगितलेला संधिनियम होय. इष्ट, दुष्ट, कष्ट यांत ‘ट’च्या मागे ‘ष’च का असतो, हे संस्कृतच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. ज्या मावळ्याने ‘इष्टुर’ म्हटले त्याने पाणिनीचे नावही ऐकले नसेल. तथापि त्याच्या जिभेला तो नियम ठाऊक होता. एल्फिन्स्टनसाहेबाचा ‘अलपिष्टन’, पोस्टाचे ‘पोष्ट’, रजिस्टरचे ‘रजिष्टर’, मिस्टरचा ‘मिष्टर’ हे सारे त्याच टाकसाळीतून बाहेर पडले.

या काळी इंग्रजी शब्द कानाने घेतले जात. कानाने घेतलेला शब्द मोडतो, वाकतो, आपल्या घरचा होतो. पण पुष्कळदा मूळ उच्चाराशी तो लिखित शब्दापेक्षा अधिक प्रामाणिक राहतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘कर्नल’ हा शब्द घ्या. इंग्रजीत तो लिहिताना मध्ये ‘र’ नाहीच, ‘एल’ आहे. अक्षरे पाहून वाचला तर ‘कोलोनेल’ असे काहीतरी व्हावयाचे. आपण मात्र प्रथमपासून ‘कर्नल’ म्हणतो, कारण तो आपण पलटणीत ऐकला. ‘लेफ्टनंट’ या शब्दात ‘एफ’ हे अक्षर औषधालाही सापडत नाही. तरी आपला ‘फ’ बरोबर आहे. ‘लॉर्ड’चा हिंदुस्थानभर ‘लाट’ झाला, त्यात ‘र’ गळाला. लंडनच्या वळणाच्या इंग्रजीतही त्या जागी ‘र’ उच्चारीत नाहीत. दरबारातल्या आणि छावणीतल्या निरक्षर माणसांचे कान किती तीक्ष्ण होते, याची ही साक्ष होय.

त्याच सुमारास दूर तंजावरास एक मराठी राजपुत्र रीतसर इंग्रजी शिकत होता. सरफोजीराजे यांचा जन्म १७७७ चा. त्यांचे गुरू श्वार्ट्झ हे पाद्री. गंमत अशी, की श्वार्ट्झ हे जन्माने जर्मन. इंग्रजी त्यांनाही शिकूनच आलेली. सरफोजींनी पुढे युरोपीय ग्रंथांचा मोठा संग्रह केला. इंग्रजीचा आरंभीचा एक नामांकित मराठी विद्यार्थी इंग्रजेतर माणसाच्या मुखातून ती भाषा शिकला, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून येथे नमूद करून ठेवतो.

पेशवाई गेली आणि शाळा आल्या. १८२२ साली मुंबईत शाळा व शाळापुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली. १८२७ पासून तिला ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणू लागले. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे, बाळशास्त्री जांभेकर, दादोबा पांडुरंग यांसारखी कर्ती माणसे या शिक्षणाच्या पहिल्या पिढीत झळकली. बाळशास्त्रींनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले ते अर्धे मराठीत आणि अर्धे इंग्रजीत. पानावर दोन स्तंभ शेजारी-शेजारी उभे. एकात आपली भाषा, दुसऱ्यात राज्यकर्त्यांची. वीस वर्षांच्या या तरुणाची बुद्धिमत्ता पाहून आजही मान लवते. परंतु त्या जोडस्तंभांतच पुढच्या पद्धतीचे चिन्हही दिसते. इंग्रजी आता आपल्याकडे छापील अक्षर म्हणून येऊ लागली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर त्यांत होते. परीक्षा लेखणीची, नोकरी कचेरीतली, पुस्तके विलायतेची. गावोगावच्या विद्यार्थ्याला इंग्रज माणूस दिसे तो कलेक्टर म्हणून, घोड्यावर; त्याच्याशी संभाषणाचा प्रसंग कोठून यावा? तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर पिढ्याच्या पिढ्या पोसल्या गेल्या. त्या पुस्तकाने वाक्यरचना पक्की केली. उच्चार मात्र ज्याने त्याने आपल्या मास्तरांचा घेतला, आणि मास्तरांनी त्यांच्या मास्तरांचा.

उलट बाजूस काय चालले होते तेही पाहू. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. या कामासाठी तो वर्षानुवर्षे शास्त्री-पंडितांच्या सहवासात बसला. त्याला मराठी माणसाच्या तोंडून मराठी ऐकता आली; आपल्या खेड्यातल्या विद्यार्थ्याला इंग्रजाच्या तोंडून इंग्रजी ऐकावयास मिळाली नाही. दोघांच्या बुद्धीत अंतर नव्हते, सोयीत होते.

नाशकातच एका ठिकाणी मात्र निराळे दृश्य दिसत होते. आज ज्याला आपण शरणपूर रस्ता म्हणतो, त्या बाजूस मिशनऱ्यांची शरणपूर ही वसाहत होती. १८६० च्या सुमारास तेथे आफ्रिकेतील मुले आणून ठेवू लागले. अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडली जात, त्यांवरून सोडविलेली ही मुले. त्यांना तेथे लिहिणे-वाचणे, इंग्रजी आणि सुतारकाम-लोहारकामासारखे धंदे शिकवीत. त्यांपैकी जेकब वेनराइट नावाचा मुलगा पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रवाशाच्या तांड्यात सामील झाला. १८७३ साली मध्य आफ्रिकेत चितांबो नावाच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. सोबतच्या माणसांनी त्याचे काळीज तेथेच एका झाडाखाली पुरले. त्या वेळी इंग्रजी प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. मग ते शव शेकडो कोस खांद्यांवर वाहून समुद्रकाठी आणले गेले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीस हात देणाऱ्यांत नाशकात शिकलेला हा आफ्रिकी तरुण होता. ज्या मुलांना इंग्रजी बोलणाऱ्यांच्या सहवासात राहावे लागले, त्यांना ती मुखाने आली. त्याच गावातल्या कचेरीकडे डोळे लावून बसलेल्या विद्यार्थ्याला ती डोळ्यांनी शिकावी लागली. एवढाच भेद या कथेतून दाखवावयाचा आहे.

आता डोळ्यांनी शिकलेल्या भाषेत अडचण कोणती? अडचण अशी, की देवनागरी वाचणारा मनुष्य लिहिलेले प्रत्येक अक्षर उच्चारावयाचेच, असे मानून चालतो. इंग्रजीत तो करार नाही. कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना घातला तो १४७६ साली. त्या सुमारास आणि त्यानंतर दोन-अडीचशे वर्षे इंग्रजी स्वर आपली जागा बदलीत होते. उच्चार पुढे निघून गेले. छापील अक्षरे मागेच राहिली. ‘नाइफ’ शब्दारंभी जो ‘के’ लिहितात तो एके काळी खरोखरच उच्चारला जात असे. ‘डेट’ म्हणजे कर्ज, या शब्दातील ‘बी’ मात्र कोणाच्या तोंडी कधीच नव्हता. लॅटिन मूळ दाखविण्याच्या हौसेने पंडितांनी तो मागाहून घुसविला. तेव्हा इंग्रजी लेखन हे जुन्या छायाचित्रासारखे आहे. माणूस म्हातारा झाला, चित्र मात्र लग्नातले.

परंतु इंग्रजांना हसण्यापूर्वी आपण आपलेही घर पाहावे. ‘नाव’, ‘गाव’, ‘पाच’ या शब्दांच्या डोक्यावर आपले वडील अनुस्वार देत असत. तो कोणी उच्चारीत नसे. १९६२ सालच्या लेखनविषयक नियमांनी हे मुके अनुस्वार काढले, तोपर्यंत शाळेत त्यांच्यासाठी मुलांनी छड्या खाल्ल्या. आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. ‘चहा’तला ‘च’ आणि ‘चाक’ातला ‘च’ निराळा, ‘जग’ातला ‘ज’ आणि ‘जन्म’ातला ‘ज’ निराळा. चिन्ह मात्र एकच. परक्या माणसाने मराठी पुस्तकावरून शिकून ‘चाक’ शब्द ‘चहा’सारखा उच्चारला, तर दोष कोणाचा?

तरीही आपल्या लिपीने इंग्रजी ध्वनी पकडण्यासाठी जी धडपड केली ती वाखाणण्याजोगी आहे. ‘बँक’ शब्दातील स्वर आपल्याजवळ नव्हता. जुन्या पुस्तकांत तो ‘ब्यांक’, ‘म्यानेजर’, ‘ग्यास’ असा ‘या’ जोडून लिहिलेला आढळेल. कॉलेजचे ‘कालेज’ आणि ऑफिसचे ‘आफिस’ होते. मग अक्षराच्या माथ्यावर चंद्रकोर आली आणि दोन्ही स्वरांची सोय झाली. २००९ साली महाराष्ट्र शासनाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेतच जागा दिली; म्हणजे पाहुणे म्हणून आलेले हे दोन स्वर आता घरच्या पंक्तीला बसले. इंग्रजीतील दोन निरनिराळ्या ‘व’कारांसाठीही मराठीने युक्ती केली. हिंदी लेखक ‘विक्टोरिया’ लिहितो, आपण ‘व्हिक्टोरिया’ लिहितो. आणि ‘वॉटर’मध्ये मात्र साधा ‘व’ ठेवतो. असा भेद दाखविणारा कान ज्या समाजाला आहे, त्या समाजाला उच्चार शिकणे दुष्कर नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. उच्चार शिकविण्याचे शास्त्र आपल्याजवळ नव्हते काय? होते, आणि जगात सर्वांत जुने होते. वेदांच्या सहा अंगांत ‘शिक्षा’ हे एक अंग आहे. शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र. कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ ही स्थाने. स्पर्श, ऊष्म, अंतःस्थ हे प्रकार. घोष आणि अघोष, अल्पप्राण आणि महाप्राण हे भेद. हे सारे शिक्षाग्रंथांनी आणि प्रातिशाख्यांनी बारकाईने मांडले आहे. वाघीण आपली पिल्ले दातांत धरून नेते तेव्हा ती पडू देत नाही आणि त्यांना दातही लागू देत नाही, तसे वर्ण उच्चारावेत, असा दृष्टांत पाणिनीय शिक्षेत येतो. आमची बाराखडीच्या आधीची ‘क ख ग घ ङ’ ही मांडणी हीच मुळी तोंडाचा नकाशा आहे: घशापासून निघून ओठांपर्यंत येणारा.

अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास या विद्येकडे युरोपचे लक्ष वेधले. १८६२ साली अमेरिकन पंडित व्हिटनी यांनी अथर्ववेदाचे प्रातिशाख्य भाषांतरासह प्रसिद्ध केले. घोष म्हणजे कंठातील नाद, ही गोष्ट युरोपीय वैयाकरणांना तोवर इतकी स्पष्ट नव्हती. ते ‘कठोर’ आणि ‘मृदू’ असल्या शब्दांनी वेळ मारून नेत. पुढे हेन्री स्वीट यांचा ध्वनिशास्त्रावरील ग्रंथ १८७७ साली निघाला. १८८६ साली पॅरिसमध्ये पॉल पासी प्रभृती शिक्षकांनी जी संस्था काढली, तिने दोन वर्षांत आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी तयार केली. ही मंडळी शाळामास्तर होती, याचा मला फार आनंद वाटतो. १९१७ साली डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारांचा कोश आला. काही वर्षे लाहोरास इंग्रजी शिकवून विलायतेस परतलेले प्राध्यापक फर्थ यांनी १९४६ साली असा अभिप्राय दिला, की विल्यम जोन्स यांनी परिचय करून दिलेले भारतीय वैयाकरण नसते, तर एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ध्वनिशास्त्राची कल्पना करणे कठीण आहे. आपल्याकडे डॉक्टर भांडारकरांनी १८७७ साली मुंबईस विल्सन व्याख्यानांत संस्कृतचे आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांचे वर्ण कसकसे पालटत गेले, याचे शास्त्रशुद्ध विवेचन केले. म्हणजे विद्वानांस हे धन ठाऊक होते. शाळेच्या वर्गापर्यंत मात्र ते झिरपले नाही. निदान मी ज्या वर्गांत शिकलो आणि ज्या वर्गांत शिकविले, तेथे तरी ते पोहोचले नव्हते.

ते पोहोचले असते तर काय झाले असते, हे दोन-तीन उदाहरणांनी सांगतो. श्रोत्यांनी बसल्या जागी करून पाहावे.

गळ्यावर दोन बोटे ठेवा आणि ‘स्’ लांबवून म्हणा. बोटांना काही कळणार नाही. आता भुंग्यासारखा गुंजारव करीत तोच ध्वनी काढा. बोटांना कंप जाणवेल. हा इंग्रजी ‘झेड’. स्थान तेच, प्रयत्न तोच. फक्त अघोषाचा घोष झाला. ‘सिप’ आणि ‘झिप’ यांतील अंतर इतकेच.

दुसरे उदाहरण ‘व’चे. आपल्या व्याकरणात ‘व’चे स्थान दंतोष्ठ सांगितले आहे, म्हणजे वरचे दात आणि खालचा ओठ. इंग्रजी ‘व्हॅन’ शब्दातील ध्वनीचे स्थान नेमके हेच. दात ओठावर हलकेच टेकवून वारा घासत सोडला, की तो निघतो. ‘वॉटर’मधील ध्वनी मात्र केवळ ओठांचा, फुंकर घालताना करतो तसे ओठ गोल करावयाचे, दातांना काम नाही. ज्यांना हा भेद परका वाटतो, त्यांनी जुने व्याकरण उघडावे.

तिसरे, ‘थिंक’ शब्दातील ध्वनी. आपण तेथे ‘थ’ म्हणतो. आपला ‘थ’ हा स्पर्शवर्ण. जीभ दातांना टेकून वाट पुरती बंद करते आणि मग श्वास सुटतो. इंग्रजी ध्वनी हा ऊष्म. जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेशी नुसते आणावयाचे आणि वारा अखंड वाहू द्यावयाचा, ‘स’सारखा. इंग्रजी ‘टी’ आणि ‘डी’ यांचे स्थान आपल्या ‘त’ आणि ‘ट’ यांच्या मधोमध, हिरडीच्या उंचवट्यावर आहे. प्रातिशाख्यांत ‘दंतमूल’ हा शब्द भेटतो, तो येथे कामी येतो. आपल्या कानाला तो ध्वनी ‘ट’च्या जवळचा वाटला, म्हणून आपण ‘टेबल’ आणि ‘डॉक्टर’ लिहितो.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट आघाताची. मराठी वाक्यात अक्षरे बहुधा सारख्या वजनाने चालतात. इंग्रजी शब्दात एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची अक्षरे चोरून बोलली जातात. ‘हॉटेल’ आणि ‘कमिटी’ या दोन्ही शब्दांत आपण पहिल्या अक्षरावर जोर देतो. इंग्रजीत तो दुसऱ्यावर आहे. ‘फोटोग्राफ’ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफी’ म्हणताना दुसऱ्यावर. एखादा ‘व’ चुकला तरी ऐकणारा समजून घेतो. जोर चुकला की तो गोंधळतो. वैदिकांचा स्वर हा आवाजाच्या चढउताराचा आणि इंग्रजीचा आघात हा मुख्यतः जोराचा, असा त्यांत भेद आहे खरा. परंतु शब्दाच्या कोणत्या अक्षरावर काय घडते, हे हाताच्या खुणेने शिकविण्याची रीत आमच्या गल्लीतल्या त्या ओसरीवर रोज पहाटे चालली होती. मी ती पाहत होतो, आणि वर्गात जाऊन विसरत होतो.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, एका खेड्यातल्या शाळेत, मळ्यातून चालत येणारा एक मुलगा माझ्या वर्गात होता. मोठ्याने वाचण्याची त्याला भारी हौस. एके दिवशी त्याने बुधवारचा इंग्रजी शब्द ‘वेडनेसडे’ असा वाचला. मी त्याचा उच्चार त्याच्याच सुरात पुन्हा म्हणून दाखविला. वर्ग खो-खो हसला, मीही हसलो. वर्ष संपेपर्यंत त्या मुलाने इंग्रजीचे पुस्तक उघडले, पण तोंड उघडले नाही. पुढे कितीतरी वर्षांनी एका जाणत्या गृहस्थांनी मला एकीकडे घेऊन हलक्या आवाजात सांगितले, की उच्चार या अर्थाचा जो इंग्रजी शब्द मी ‘प्रोनाउन्सिएशन’ असा म्हणतो, तो ‘प्रनन्सिएशन’ असा आहे. वीस वर्षे मी उच्चार शिकवीत होतो आणि उच्चार या शब्दाचाच उच्चार चुकवीत होतो! त्या गृहस्थांनी चारचौघांत मला हसू आणले नाही. त्या रात्री मला मळ्यातला तो मुलगा आठवला. त्याने देवनागरीचा नियम प्रामाणिकपणे पाळला होता. जे लिहिले ते उच्चारले होते. माझी चूकही त्याच जातीची होती. फरक इतकाच, की त्याला मास्तर भेटला आणि मला सज्जन भेटला.

उच्चारावरून माणूस तोलण्याची खोड काही इंग्रजीपुरती नाही. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकात फुले विकणाऱ्या मुलीची बोली पालटून तिला उमराव घराण्यात खपविणारा एक ध्वनिशास्त्रज्ञ आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली त्याची ‘ती फुलराणी’ केली, तेव्हा मराठी प्रेक्षकांस ते नाटक परके वाटले नाही; कारण शुद्ध-अशुद्धाचा तोच काटा आपल्याही घरात टांगलेला आहे. मग शुद्ध इंग्रजी कोणाचे मानावयाचे? लंडनचे, स्कॉटलंडचे, की अमेरिकेचे? तंजावरच्या राजाला ती भाषा एका जर्मनाने शिकविली होती, हे आपण मघाशी पाहिले. समोरच्याला बिनचूक कळावे आणि समोरच्याचे आपल्याला कळावे, एवढे साधले म्हणजे उच्चाराचे काम झाले. साहेबाची नक्कल हा त्याचा हेतू नव्हे.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि कान पुन्हा जागा झाला. इंग्रजी बातम्या आणि क्रिकेटचे धावते वर्णन ऐकून आमच्या पिढीतल्या कित्येकांनी जे उच्चार उचलले, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. आता तर २००० सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते, आणि हातातल्या दूरध्वनीवर कोणताही शब्द हवा तितक्या वेळा ऐकता येतो. मोल्सवर्थला जी सोय होती आणि आपल्या खेड्यातल्या विद्यार्थ्याला नव्हती, ती आज मळ्यातल्या मुलालाही आहे. साधन आले, आता पद्धत हवी. घरोघरच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की मुलाला इंग्रजी शब्द दाखविण्यापूर्वी ऐकवा. तो चुकला तर हसू नका, जीभ कोठे ठेवावी ते सांगा. आणि ते सांगता यावे म्हणून आधी त्याला आपले ‘क ख ग घ ङ’ नीट, स्थान समजावून, म्हणावयास शिकवा. ज्याला आपल्या तोंडाचा नकाशा ठाऊक आहे, तो परक्या मुलखातही वाट चुकत नाही.

पंचवटीतला तो वाडा आता उरला नाही. त्या ओसरीवर एक अक्षर शंभर वेळा घोटून घेणाऱ्या गुरुजींनी एकाही मुलाची टर उडविलेली मात्र मला आठवत नाही. त्यांच्याकडून शिकण्यासारखे होते ते हे. आणि ते शिकावयास मला पुष्कळ उशीर झाला.